उर्फचा रकाना

पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'नो रेकॉर्ड' उमटलं तेव्हा अन्नपूर्णाबाईंना क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटणं त्यांना पुढे फार छळणार होतं. खिडकीपुढे चाळीसेक माणसं उभी होती, मार्चचं ऊन पत्र्यातून खाली झिरपायला लागलं होतं, आणि नोंद सापडली असती तर जुना नंबर उतरवून घ्या, वरच्या मजल्यावरून कागद छापून येईस्तोवर थांबा, तो डॉक्टरांकडे धाडा, असं सगळं मागं लागलं असतं. नोंद नाही म्हणजे नवा नंबर. दोन मिनिटांचं काम. खिडकीपलीकडे डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस गज धरून उभा होता. त्याच्यामागे बाकावर त्याची बायको आडवी पडलेली, पदर तोंडावर ओढलेला, एका पायाला हळदीनं पिवळं झालेलं फडकं. बाईंनी पुन्हा विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"नागूबाई. नागूबाई हरिबा. राजेश्वरची. पायात खुरपं लागलंय जी, चार दिस झाले. कालपासनं लई ताप चढायलाय, बोलंना गेलीय."

बाईंनी अक्षरं तपासली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. "मशीनमध्ये नाव नाही हो यांचं."

"आसं कसं, बाई? मागं पहिल्या बाळंतपणाला हितंच व्हती की ती. समदं लिवल्यालं हाय तुमच्याकडं."

असं सगळेच म्हणायचे. कुणी गावच्या दवाखान्यात गेलेलं असायचं, कुणी सोलापूरला, आणि सगळ्यांना वाटायचं की जगातले सगळे दवाखाने आतून एकच असतात. बाई म्हणाल्या, "नवा नंबर देते. लगेच आत घेऊन जा, तिसरी खोली." नवीन नोंदीचे रकाने एकाखाली एक येत गेले. नाव, गाव, वय, नवरा. औषधांचा त्रास या रकान्यात यंत्र आपणच 'नाही' घालून ठेवायचं, बदलायचं असेल तरच बोट उचलायचं. बाईंनी बोट उचललं नाही. हरिबानं कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला आणि बायकोला उचलायला वळला.

सत्तावीस वर्षं त्या या दवाखान्याच्या नोंदी सांभाळत होत्या. गुलबर्ग्यातला हा ट्रस्टचा दवाखाना उघडला तेव्हा नोंदीच्या खोलीत एक कपाट होतं. आता फायली छतापर्यंत गेल्या होत्या आणि खोलीला जुन्या कागदाचा, झुरळांच्या पावडरीचा आणि थोडासा टिंक्चरचा असा एक वास लागला होता. बाईंना घरी गेल्यावरही तो केसांत सापडायचा. लग्न झालं नाही ते का झालं नाही, हे आता विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, सवड झाली नाही. आणि ते अर्धं खरंही होतं. पहिल्या चार-पाच वर्षांतच त्यांचा लौकिक झाला होता की अन्नपूर्णाक्काला चेहरा दाखवला की फाईल निघते. माणसं खिडकीशी यायची, त्या चष्म्यावरून बघायच्या, आणि नाव सांगायच्या आतच त्यांचे पाय कपाटाकडे वळलेले असायचे. त्याचा त्यांना गर्व होता. देवापुढे हात जोडताना त्या त्याचा उल्लेख करत नसत, म्हणजे तो खरा गर्व होता.

हे सगळं अप्पांकडून आलेलं. अप्पा, म्हणजे नरहरराव, बिदरच्या दवाखान्यात उर्दू अमदानीपासून कारकून होते. छप्पन साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, रजिस्टरं उर्दूतून कानडीत आली, लातूर-उदगीरकडचे भाऊबंद म्हणाले, नरहर, तू तिकडं परक्या राज्यात काय करतोस, इकडं ये. अप्पा गेले नाहीत. पन्नाशीला टेकलेला तो माणूस मुलांच्या पाटीवर कानडी बाराखडी गिरवत बसायचा हे बाईंनी पाहिलं होतं. रजिस्टरात त्यांनी शेवटपर्यंत आपला एक रकाना ठेवला होता, त्याचं नाव उर्फ. सुट्टीच्या दिवसांत लहानगी अन्नपूर्णा त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायची. समोर बाई आली की अप्पा तीन प्रश्न विचारायचे. नाव काय? सासरी काय म्हणतात? माहेरी काय म्हणत होते? बायका लाजायच्या, हसायच्या, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी यायचं, कारण माहेरचं नाव बरीच वर्षं कुणी विचारलेलं नसायचं. अप्पा सांगायचे, "अगं, या मुलखात एका माणसाला तीन भाषांत तीन नावं असतात. हा रुक्मांगद इथं आला की रुकमण्णा, औरादकडं गेला की रुकमय्या. माणूस एकच. आपण तीनदा लिहायचं, म्हणजे तो एकदा तरी सापडतो." तोच रकाना बाईंनी इथं चालवला. एका जाड वहीत सगळी दुसरी नावं, तिसरी नावं, आणि पुढे फाईलचा नंबर.

यंत्र आलं ते मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर. कुणा परदेशस्थ दात्यानं दिलेलं. मोठं यंत्र वरच्या मजल्यावर थंड खोलीत बसवलं, त्यात सगळ्या नोंदी, आणि तिथून भिंतीला खिळलेली काळी केबल खाली खिडकीपर्यंत आणली. खिडकीशी छोटं यंत्र. बेंगळूरहून आलेल्या इंजिनिअरचं नाव गुरुपादय्या. नाव आजोबांचं असावं, वय तिशीचं. त्यानं बाईंना फार आदरानं शिकवलं. "अम्मा, हे खालचं यंत्र आहे ना, त्याच्या पोटात काही नाही. एकही पेशंट नाही. हे फक्त विचारणारं. आधी ते वरच्याला हाक मारतं. वरचं विचारतं, कोण? मग तुमचं नाव, तुमचा गुप्त शब्द. पटलं तर वरचं दार उघडतं. मग हे प्रश्न पाठवतं आणि ते उत्तर देतं." बाईंनी गुप्त शब्द म्हणून अप्पांचं नाव घातलं. रोज सकाळी ते नाव टाइप करताना पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या फुल्या यायच्या आणि दार उघडायचं. हे त्यांना आवडलं होतं. गुरुपादय्यानं आणखी एक गोष्ट दोनदा बजावली. "'नो कनेक्शन' आलं तर समजा आपली हाक वर पोचलीच नाही. केबल बघायची, मला फोन करायचा. पण 'नो रेकॉर्ड' आलं तर हाक पोचलीय, वरच्यानं सगळं धुंडाळलंय आणि ते नाही. तिथं शंका घ्यायची नाही."

"आणि दुसरं नाव कुठं घालायचं?" बाईंनी विचारलं होतं. वही पुढे ठेवली होती. त्यानं वही चाळली, खरंच मन लावून चाळली, आणि म्हणाला, "छान काम आहे, अम्मा. पण नावाला एकच जागा ठेवलीय. आता वाढवायचं तर सगळं पुन्हा बांधावं लागेल. पुढच्या वर्षी बघू." बाईंनी वही मिटली. त्या आणखी बोलू शकल्या असत्या. सुपरिंटेंडेंट डॉक्टर रामाचार्यांकडे जाता आलं असतं. पण सहा महिने दोन मुली फायली घेऊन टाइप करत होत्या, रकाने भरत होते, दिल्लीचे कुणी पाहुणे बघून गेले होते, आणि आपण म्हातारी बाई वहीला चिकटून बसलो असं कुणी म्हणू नये, असं त्यांना वाटलं. गर्व होता तो असाही वळला. जुनी खोली बंद झाली. किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला राहिली.

पावणेबाराला तिसऱ्या खोलीकडून कुणीतरी धावत गेलं. धावणं या दवाखान्यात रोजचंच, त्यामुळे बाईंनी मान वर केली नाही. मग दानम्मा नर्स खिडकीच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून बाईंचं बोट बटणावरच थांबलं. "ती पायवाली," दानम्मा म्हणाली, "पेनिसिलिन दिलं आणि मिनिटात श्वास कोंडला. सगळं केलं, अक्का. गेली." आधी थोडं देऊन बघतात ते दिलं होतं की नव्हतं, यावर नंतर पुष्कळ बोलणं झालं. तरुण डॉक्टर एवढंच म्हणत राहिला की कागदावर त्रास नाही असं छापलेलं होतं. दानम्मा गेल्यावर बाईंनी पुढच्या माणसाचं नाव विचारलं. टाइप केलं. त्याची नोंद सापडली. त्याच्या पुढच्याचीही सापडली. वाईट झालं, असं त्या मनाशी म्हणाल्या, जसं कुणाही परक्याबद्दल म्हणतात. त्यांनी डबाही खाल्ला. मेथीची भाजी होती.

तीन वाजता वऱ्हांड्यात रडणं सुरू झालं. हरिबानं येताना हुमनाबादच्या स्टँडवर कुणाजवळ तरी निरोप ठेवला होता, आणि चिटगुप्प्याहून नागूबाईची आई गंगव्वा आताच्या गाडीनं आली होती. लेक तापानं आजारी आहे एवढं ऐकून निघालेली, पिशवीत लिंबं घेऊन. बाईंना ती दिसत नव्हती, खिडकीतून फक्त आवाज येत होता, आधी शब्द नसलेला आणि मग कानडीत, "नागव्वा! नागव्वा, नन्न मगळे!" माझ्या लेकी, माझ्या लेकी.

बाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागं पडली. नागव्वा. हे नाव कानावर आलं आणि पायांना कळलं, डोक्याला कळायच्या आधी पायांना, की कुठलं कपाट, कुठला खण. किल्ली कुलपात शिरेना. खोलीत सहा महिन्यांची धूळ. डावीकडचं चौथं कपाट, वरून तिसरा खण, सन ऐंशी. नागव्वा, वडील बसलिंगप्पा, मुक्काम चिटगुप्पा. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, भाऊ घेऊन आला होता, त्यानं माहेरचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. फाईल उघडायचीही गरज नव्हती. पुठ्ठ्यावरच तांबड्या शाईत, पाऊण इंच उंचीच्या अक्षरांत, कानडीत आणि मराठीत लिहिलेलं होतं. पेनिसिलिन देऊ नये. खाली दोन रेघा. अक्षर त्यांचं स्वतःचं. टाइप करणाऱ्या मुलींनी आतलं सगळं उतरवलं होतं, पुठ्ठ्यावरचं उतरवलं होतं की नव्हतं, कोण जाणे. आता यंत्राला नागव्वा विचारलं तर कळलं असतं. त्यांनी विचारलं नाही, त्या दिवशी तरी. जमिनीवर बसल्या. आणि मग ती मुलगी समोर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, केस विस्कटलेले, त्याच सुईनं ओठ सुजलेले, मरणाच्या दारातून परत आलेली, आणि फाईलवर लिहिणाऱ्या बाईंना विचारत होती, "अक्का, ह्यो तांबडा रंग कामून?" त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे पुन्हा आलीस की कुणाच्याही आधी हेच दिसेल." मुलगी हसली होती. कुशीत बाळ होतं. हा चेहरा आज सकाळी पदराखाली होता. पदर बाजूला करा म्हणायला किती वेळ लागला असता? माहेरचं नाव काय, हे विचारायला? सत्तावीस वर्षं विचारलं होतं. यंत्राला एकच नाव लागतं म्हणून गेल्या सहा महिन्यांत त्यांनी ते विचारणं सोडलं होतं, आणि सोडलं हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

डॉक्टर रामाचार्य सज्जन माणूस. त्यांनी फाईल बघितली, चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, हे कुणाला ठाऊक आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"तिची जुनी नोंद नव्हतीच, असं सगळे धरून चाललेत. नवरा काही म्हणत नाही. त्या पोराचं, डॉक्टरचं, आत्ता कुठं आयुष्य सुरू होतंय. यंत्राचं काय होईल ते वेगळंच. आणि तुमचं?" त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "ती परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

बाईंनी फाईल उचलून छातीशी धरली, लहान मुलींनी पाटी धरावी तशी. डॉक्टरांनी हात पुढे केला नाही, हे त्यांचं सौजन्य. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन पानांचा लेखी जबाब दिला. नोंद होती, मी शोधली नाही, रकान्यात 'नाही' राहू दिलं ते मी. यंत्रावर काही लिहिलं नाही. तरुण डॉक्टरवरही नाही. लिहिताना त्यांना वाटत होतं की शेवटच्या ओळीला पोचलं की छातीवरचं काहीतरी हलेल. शेवटची ओळ आली, सही झाली. काही हललं नाही. शनिवारी त्यांना खिडकीवरून काढून कापडचोपडाच्या कोठारात बसवलं. गुरुपादय्याचा बेंगळूरहून फोन आला, त्याला नीट बोलता येईना. "अम्मा, दुसऱ्या नावाची जागा करतोय. आठ दिवस लागतील." आठच दिवस, असं बाईंच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, "कर बाळ." मग रविवारी सकाळी फाईल पिशवीत घालून त्या राजेश्वरच्या गाडीत बसल्या.

गाडीभर त्या वाक्यं जुळवत होत्या. उसाच्या मोळ्या घेतलेली माणसं चढत होती, उतरत होती, कंडक्टर कानडीत ओरडायचा, माणसं मराठीत उत्तर द्यायची. जुळवलेलं प्रत्येक वाक्य 'पण'वर येऊन थांबत होतं. तुमची बायको होती आमच्याकडे, पण. हुमनाबाद गेल्यावर त्यांनी जुळवणं सोडून दिलं आणि नुसत्या बाहेरच्या तुरीच्या खुंटांकडे बघत राहिल्या. त्यांना भीती वाटत होती ती तो ओरडेल याची नव्हती. ओरडला तर बरं, असं म्हणतच त्या गाडीला मनातल्या मनात पुढे ढकलत होत्या.

घर सापडायला वेळ लागला नाही, दारात माणसं बसली होती. हरिबाची आई चंद्रभागाबाई उंबऱ्यात होती, तिच्याजवळ नऊ वर्षांची पोर, सरू. त्या बाळंतपणातली. पोरीनं बाईंकडे टक लावून पाहिलं आणि बाईंना ते सुजलेले ओठ पुन्हा दिसले. हरिबानं घोंगडी अंथरली. "बसा, बाई. तुमी खिडकीतल्या न्हवं का?"

"हो." त्या बसल्या. फाईल काढली, मांडीवर ठेवली आणि सांगितलं. सरळ सांगितलं. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. ती आमच्याकडे होती, माहेरच्या नावानं. तिला ती सुई चालत नाही हे लिहिलेलं होतं, मी लिहिलेलं. आणि मीच 'नोंद नाही' म्हणाले.

चंद्रभागाबाईनं पदर तोंडाला लावला. हरिबानं हात पुढे केला, बाईंनी फाईल दिली. त्यानं तांबड्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, आधी उलट्या बाजूनं. "ती सांगायची," तो म्हणाला. "म्हणायची, मला कायतरी एक औषध लागत न्हाई, बाईनं तांबडं लिवलंय. कोन्तं ते तिला बी ठावं नव्हतं. म्हणायची, आपल्याला ध्यानात ठिवायची काय गरज, त्येंच्याकडं हाय की." मग एकदम वर बघून त्यानं विचारलं, "आन आता, बाई? आता त्या मशीनमदी नागूबाई घातलं तर काय म्हनंल?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "आता आहे म्हणेल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी नवी नोंद केली ना. आता लगेच सापडेल."

"आता सापडंल," हरिबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला ते नीट कळून घ्यायचं होतं. त्यानं फाईल परत त्यांच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "ही तुमची आहे. ठेवून घ्या. उद्या कुठं तक्रार करायची झाली तर हाच पुरावा आहे. मी येईन साक्षीला, कुठंही येईन."

"मला वाचाय येतंय व्हय?" तो म्हणाला. "आन कुनाला दावू? तुमीच ठिवा. पोरगी हाय, उद्या तिलाबी तीच सुई लागंना झाली तर? आईचं हितं लिवल्यालं हाय म्हणून सांगाय तरी यील." मग पोरीकडे वळून, "सरू, बाईला पानी दे." पोरीनं तांब्या आणला. बाईंनी तो घेतला आणि फाईलशेजारी खाली ठेवला. चंद्रभागाबाई म्हणाली, "प्या, अक्का, उनातनं आलाव," आणि त्या प्यायल्या, सगळा तांब्या, थांबत थांबत, शिक्षा झाल्यासारख्या. त्या आल्या होत्या काहीतरी द्यायला. सगळं परत त्यांच्याच हातात होतं, आणि वर पाणी.

परतीच्या गाडीला हरिबा सोबत आला. नको म्हटलं तरी आला. सडकेपर्यंत दोघं चालले, तो दोन पावलं पुढं. एकदाच म्हणाला, "बाळंतपनाला मी सोलापुरात व्हतो, कामाला. तुमी तिला पाहिलाव तवा. मी न्हाई पाहिलो." बाईंना कळलं की तो काहीतरी विचारतोय. त्या म्हणाल्या, "हसली होती. बाळाला घट्ट धरलं होतं." त्यानं मान डोलावली आणि पुढं चालू लागला.

गाडी आली ती खच्चून भरलेली. हरिबानं पुढं होऊन दाराच्या दांडीला धरलं, अर्धा आत शिरला आणि कंडक्टरला ओरडून म्हणाला, "बाईला जागा द्या हो. दवाखान्यातल्या हायत. आमच्या वळखीच्या हायत." कुणीतरी उठलं. बाई बसल्या. गाडी हलली तेव्हा तो सडकेवर उभा होता, धूळ त्याच्या अंगावरून जात होती आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला होता. चार दिवसांत बाईंना रडू आलं नव्हतं. शेजारची बाई घाबरून विचारायला लागली, "काय झालं, अक्का? कुनी गेलंय का तुमचं?" आणि अन्नपूर्णाबाईंना मान हलवून हो म्हणता येईना, आणि नाहीही म्हणता येईना.